स्टॉल क्रमांक सतरा

हवामान खात्याच्या फुग्यामागे,
टपालवाल्यांच्या खास शिक्क्याची रांग संपते तिथे
आमचं टेबल. वर कापडी फलक :
‘पक्षी व विमान सुरक्षा’.
गळ्यातल्या कार्डावर मंजुळाऐवजी मंजुषा छापलंय.
दुसाने साहेब म्हणाले, दोन दिवसांचाच प्रश्न आहे.

टेबलावर इंजिनाचं एक पातं,
भिजल्या पुठ्ठ्यासारखं दुमडलेलं.
काचेखाली तीन पिसं. एक टिटवीचं, एक घारीचं,
तिसऱ्यापुढे प्रश्नचिन्ह.
ते मीच काढलंय,
प्रयोगशाळेचं उत्तर अजून यायचंय.
आणि नमुन्यादाखल पाच सुतळी बॉम्ब,
दारू काढलेले.

गंगापूर धरणाच्या काठावर सकाळपासून माणसंच माणसं.
सातपूरच्या शाळेतली पोरं टेबलाशी थांबतात.
बाई, तुम्ही पक्षी मारता?
मारत नाही रे, पळवते.
पळवून कुठं नेता?

याचं उत्तर फलकावर नाही.

वडनेरला आमच्या बाजरीत
माळ्यावर उभी राहून मी गोफण फिरवायचे.
हुर्रर्र म्हटलं की चिमण्या उठायच्या
आणि शेजारच्या बाजरीत बसायच्या.
मग तिकडून अनशी ओरडायची, हुर्रर्र.
दिवसभर आम्ही एकमेकींकडे पाखरं धाडायचो.
पाखरं कमी झाल्याचं आठवत नाही.
ओझरच्या धावपट्टीवर तेच करते.
फक्त आता जीप आहे,
पगार कंत्राटदाराकडून, आणि तोही वीस तारखेनंतर.

साडेअकराला विमानं आली.
सगळे स्टॉल एका क्षणात ओस,
अग्निशमनचा कादरीसुद्धा हेल्मेट काखेत मारून पळाला.
सगळ्या माना वर.
मी पाण्याकडे बघत होते. सवय.
आवाज पोचला तशी हळदी-कुंकू बदकं उठली,
पाण्यावर एक लांब चरा ओढत पलीकडे गेली.
त्यांचं बरोबर होतं.

दुसऱ्या फेरीआधी लाऊडस्पीकर म्हणाला,
तांत्रिक कारणाने थोडा विलंब होत आहे.
तांत्रिक कारण मला दिसत होतं.
धरणाच्या बरोब्बर मधोमध, पंख न हलवता
गोल फिरत होतं.

साहेब धापा टाकत आले.
मंजुळाबाई, काहीतरी करा.
(नाव बरोबर घेतलं.)
इथे ना जीप, ना दारू,
पाच पोकळ सुतळ्या आणि हजारो माणसं.
हुर्रर्र ओठांपर्यंत आलं होतं, गिळलं.
म्हटलं, ऊन चढतंय साहेब, ती आपोआप वर जाईल,
सात मिनिटं द्या.
साहेबांनी वॉकीटॉकीत सांगितलं, सात मिनिटं.
मी तो आकडा हवेतूनच घेतला होता.

अकरा लागली.

अकरा मिनिटांत लोकांनी भेळ संपवली,
कुणाची तरी टोपी पाण्यात गेली,
बापाच्या खांद्यावरची एक मुलगी घारीकडे बोट करून
आलं आलं म्हणाली,
चार-दोन जणांनी टाळ्याही वाजवल्या.
साहेब घड्याळ बघत होते,
मी तिची शेपटी. डावीकडे कलली की वाटायचं, निघाली.
निघायची नाही.
मग वर, आणखी वर,
ठिपका,
मग तोही नाही.

संध्याकाळी नोंदवहीत लिहिलं :
पक्षी घार, संख्या एक, कार्यवाही वाट पाहिली.
साहेबांनी ते खोडलं.
‘हुसकावण्यात आला’ असं केलं,
सही माझी घेतली.

पातं फडक्यात बांधत होते तर
सकाळचा तो पोरगा परत आला, एकटाच,
शर्टावर चटणीचा डाग.
मग कुठं नेली तिला?

मी दिंडोरीच्या बाजूला बोट केलं.
तिकडं, म्हटलं,
शेजारच्या बाजरीत.